स्वयंपाकघराच्या चौकटीचं माप कोणी घ्यायचं?

नातेपुत्यासारख्या गावात जुन्या माळवदाच्या घरात गेलात, तर फ्रीज बऱ्याचदा सोप्यात दिसतो. अंगावर क्रोशाचं कव्हर, वर फुलदाणी, शेजारी टीव्ही. पाहुण्याला वाटतं, हौसेनं ठेवलाय. काही घरांत ते खरंही असतं. पण पुष्कळ ठिकाणी कारण साधं असतं : तो स्वयंपाकघराच्या दारातून आत गेलाच नाही.

या प्रश्नावर तळमळीनं बोलणारी दोन प्रकारची माणसं मला भेटतात. एक घर बांधणारी, दुसरी त्या घरात रांधणारी. त्यांची बोलणी मी इथे एका वहिनींच्या आणि त्यांच्या धाकट्या दिरांच्या तोंडी घातली आहेत. भावजी बांधकामाची कंत्राटं घेतात. वहिनींचा सगळा संसार माळवदाखाली झाला. विषय निघाला तो घरात नव्यानं आलेल्या डबल डोअर फ्रीजवरून आणि येऊ घातलेल्या घरघंटीवरून.

भावजी : वहिनी, यात दाराची चूक नाही. दुकानात जाण्याआधी टेप लावायचा राहिला, एवढंच. दार सव्वादोन फुटांचं आहे, मग त्यातून जाईल तोच फ्रीज घ्यायचा. सिंगल डोअरचा घेतला असता तर पावणेदोन फूट रुंदी. दोन माणसांनी अलगद आत ठेवला असता.

वहिनी : म्हणजे घरात माणसं सात आणि फ्रीज दोघांपुरता? वारीत माउलींची पालखी गावात मुक्कामाला असते, तेव्हा आपल्याकडे किती पानं उठतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री सोप्यात वारकरी झोपलेले असतात. दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवायचं तर अंधारात कोणाच्या अंगावर पाय पडेल म्हणून जीव मुठीत धरून जाते मी. तुम्ही म्हणता टेप लावा. मी विचारते, चौकट बसवली तेव्हा टेप कोणी लावला होता?

भावजी : ज्यांनी लावला ते काही अडाणी नव्हते. भिंत बघा, दोन फूट जाड. वर तुळया, त्यावर किलच, त्यावर पांढरी माती. मातीचा थर एक फूट धरला तरी दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन ओझं होतं. सोप्यात ते खांबांवर जातं. स्वयंपाकघरात मात्र ते भिंतीवर आहे. भिंतीला भोक जेवढं लहान तेवढी भिंत धड. दार लहान ठेवलं म्हणून उन्हाळ्यात आत गारवा राहिला आणि हे घर आजवर उभं राहिलं.

वहिनी : आणि सोप्याचं दार? ते साडेतीन फुटांचं कसं चाललं?

भावजी : तिथून ज्वारीची पोती यायची. पाठीवर पोतं घेतलेला माणूस आडवा होऊन शिरत नाही.

वहिनी : हेच म्हणते मी. पोत्याचं माप घेतलं, पाठीचं माप घेतलं. स्वयंपाकघराच्या दाराला माप घेतलं ते कमरेवर घागर घेतलेल्या बाईचं. ती आत गेली म्हणजे झालं.

इथे मला मध्येच थोडं बोलायचं आहे, कारण वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. जुन्या स्वयंपाकघरातलं सामान आठवून बघा. चूल तिथल्या तिथे मातीची घातली जायची. उखळ जमिनीत पुरलेलं. जात्याच्या दोन तळ्या वेगवेगळ्या आत यायच्या. धान्याची कणगी तुरकाठ्यांची किंवा बांबूची, ती घरातच विणून शेणामातीनं सारवली की पुन्हा दाराबाहेर पडायचा तिचा संबंधच नव्हता. उतरंडीचं एकेक मडकं हातातून आत जायचं. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मोठ्या वस्तू आतच तयार व्हायच्या, बाहेरून यायच्या त्या लहान. सव्वादोन फुटांचं दार त्या घराला पुरेसं होतं, यात शंका नाही.

बदल झाला तो वस्तू कारखान्यात पूर्ण होऊन येऊ लागल्या तेव्हा. गोदरेजनं भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली १९५८ साली. आज त्यांचा कारखाना शिरवळला आहे, आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तर अनेक मोठ्या कंपन्यांचे फ्रीज तयार होतात. शिरवळहून लोणंद, फलटण करत ट्रक नातेपुत्यात येतो, दुकानातून छोटा हत्ती थेट दारापर्यंत येतो. एवढा रस्ता विनासायास पार पडतो आणि शेवटच्या दहा फुटांवर खोळंबा होतो. चूल मोडून नवी घालता यायची. फ्रीजचे दोन तुकडे करून आत जोडता येत नाहीत.

वहिनी : भावजी, २०२१ मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. वारकऱ्यांना चालायला कडेनं वेगळी वाट काढायची ठरली. कोणी म्हणालं का, की दिंड्याच लहान करा? जुना रस्ता पुरला नाही म्हणून रस्ता रुंद केला. मग घरातच का वस्तू लहान करायची?

भावजी : रस्ता रुंद करताना वरून छत कोसळत नाही, वहिनी. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आठवा. पहाटे जमीन हलली आणि जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं यांनीच झोपेतली माणसं गाडली. ते बघितल्यापासून जुन्या भिंतीला घण लावायचा म्हटलं की माझा हात थांबतो. फ्रीजसाठी मी भिंत फोडणार नाही.

या उत्तरापुढे वहिनी गप्प झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. हौसेनं एका दुपारी गवंडी बोलावून, चौकट उपसून, भिंत फोडून दार रुंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. पुढच्या पावसाळ्यात तुळई खचली की मग धावाधाव. जुन्या भिंतीत दार वाढवता येतं, पण त्याची रीत आहे. आधी तुळयांना खालून टेकू द्यायचे. भिंतीच्या एका अंगानं अर्ध्या जाडीपर्यंत खाच घ्यायची, त्यात लोखंडी गर्डर बसवायचा, भरलेलं काँक्रीट पक्कं होईस्तोवर थांबायचं. मग दुसऱ्या अंगानं तेच. दोन्ही गर्डर ओझं धरू लागले की मगच खालची भिंत काढायची. हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नये, आणि भिंतीला आधीच तडे असतील तर मुळीच करू नये.

पण भावजींचं म्हणणं इथेच संपत नाही. ते मापाकडे वळले, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

भावजी : आता मला सांगा, फ्रीज आत गेला नाही म्हणजे नेमकं काय झालं?

वहिनी : बोळातून दारापर्यंत आणला. तिथे वळवायला गेले तर भिंतीला घासला. चौघे होते. खूप खटपट केली, मग सोप्यात ठेवून निघून गेले.

भावजी : खोक्यासकट?

वहिनी : खोक्यासकट. ओरखडा पडला तर दुकानदार बोलेल म्हणाले.

भावजी : बघा. खोकं आणि थर्माकोल मिळून रुंदीत अन् खोलीत दोन-तीन इंच खातात. दाराची फळी उघडी राहते तीही दीड इंच अडवते. बिजागरीची खीळ काढली की फळी बाजूला होते. आता फ्रीजचं माप घेतलं मी, उघडा ६० सेंटिमीटर रुंद, ६५ खोल. बोळ अडीच फूट, म्हणजे ७६. दार सव्वादोन फूट, म्हणजे ६८. जागच्या जागी वळवायचा तर त्याचा कर्ण लागतो, तो होतो ८८ सेंटिमीटर. ७६ च्या बोळात ८८ कधीच फिरणार नाही, दहा माणसं लावा. पण वळवायचा कशाला? बोळातून सरळ आणा, दारासमोर थांबवा, आणि आहे त्या तोंडानं आडवा आत सरकवा. ६५ चा फ्रीज ६८ च्या दारातून जातो. खाली ओलं बारदान टाका, एकानं बाहेरून रेटायचं, एकानं आतून ओढायचं. आत गेल्यावर पाहिजे तसा फिरवा.

वहिनी : उंबरा?

भावजी : उंबऱ्याला दोन्हीकडून फळ्यांचा उतार करायचा. आणि वरची गणेशपट्टी मोजायची. उंबऱ्यापासून गणेशपट्टीपर्यंत साडेपाच फूट आहे, फ्रीज पाच फुटांच्या थोडा वर. बसतो.

वळवू नका, सरकवा. भावजींची ही युक्ती ऐकताना मला गणितातला एक नामांकित प्रश्न आठवला. लिओ मोझर या गणितज्ञानं १९६६ मध्ये तो विचारला होता : काटकोनात वळणाऱ्या, एक एकक रुंदीच्या बोळातून जमिनीवर सरकवत नेता येईल असा सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा सोफा कोणत्या आकाराचा? पहिलं उत्तर अगदी भावजींचं आहे. एक बाय एकचा चौकोन न वळवता, वळणापर्यंत सरळ आणि तिथून बाजूला सरकवायचा. क्षेत्रफळ १. वळवायची तयारी असेल तर अर्धवर्तुळ जातं, ते सुमारे १.५७ भरतं. १९६८ मध्ये जॉन हॅमर्स्ली यांनी टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आकार काढून ते सुमारे २.२१ पर्यंत नेलं. १९९२ मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी अठरा तुकड्यांची वळणदार कड असलेला आकार शोधला, क्षेत्रफळ सुमारे २.२२. यापेक्षा मोठा सोफा असूच शकत नाही, अशी शंभराहून अधिक पानांची सिद्धता दक्षिण कोरियाच्या जिनऑन बेक यांनी २०२४ च्या अखेरीस मांडली. प्रश्न विचारल्यापासून अठ्ठावन्न वर्षं गेली. बोळाच्या कोपऱ्यावर घामाघूम होऊन उभ्या राहिलेल्या हमालांचं काम किती अवघड असतं, हे कळायला एवढं पुरे. सोफ्याला निदान वाट्टेल तो आकार देता येतो. फ्रीज कारखान्यातून चौकोनीच येतो.

फ्रीज सरकला म्हणून वाद मिटला, असं मात्र झालं नाही. वहिनींचा मोर्चा जिन्याकडे वळला.

वहिनी : हे जुनं घर सोडा. ते बांधणाऱ्याला फ्रीज ठाऊक नव्हता. पण गावठाणाबाहेर तुम्ही जी नवी घरं बांधता, खाली दुकान अन् वर बिऱ्हाड, त्यांचे जिने अडीच फुटांचे का? तुम्हाला तर फ्रीज ठाऊक आहे ना?

भावजी : प्लॉट पंधरा फूट रुंद असतो, वहिनी. जिना अर्धा फूट वाढवला तर दुकानाचा गाळा अर्धा फूट कमी होतो. गाळ्याला भाडं येतं, जिन्याला येत नाही. मालक नकाशा बघतो तेव्हा आधी गाळा बघतो.

वहिनी : आणि मालकीण?

भावजी : मालकीण वास्तुशांतीला बघते.

वहिनी : मग तिच्या वाट्याला काय येतं ते ऐका. महिन्याला सिलिंडर वर न्यायचा. गॅस १४.२ किलो, टाकीचं वजन धरून तीस किलोच्या आसपास. तो पोरगा खांद्यावर घेऊन चढतो, कोपऱ्यावर भिंतीला घासतो, गिलावा पडतो. घरघंटी वर न्यायची तर दोघांना शेजारी उभं राहता येत नाही. खालच्यानं उचलायचं, वरच्यानं ओढायचं. पाय घसरला तर सगळं खालच्याच्या छातीवर.

यावर भावजी काही बोलले नाहीत, म्हणून मीच सांगतो. जिन्यावरून जड वस्तू नेताना दोघांत ओझं समान वाटलं जात नाही, खालच्यावर जास्त येतं. फ्रीजमध्ये तर कॉम्प्रेसर खालीच, मागच्या अंगाला असतो. त्यामुळे तळ नेहमी खाली ठेवूनच चढवायचा, आणि दोघांतल्या दणकट माणसानं खाली राहायचं. कमरेला, छातीला पट्टा लावून उचललं तर हात मोकळे राहतात. वळणाच्या जिन्यात लँडिंगवर फ्रीज पूर्ण उभा करावा लागतो, कारण तिरका असताना तो जमिनीवर स्वतःच्या उंचीइतकीच लांब जागा अडवतो. उभा करायचा तर डोक्यावर जागा हवी, आणि नेमकी तिथेच वरच्या पायऱ्यांची किंवा बीमची खालची बाजू आड येते. जिन्याची रुंदी सगळे मोजतात, ही उंची कोणी मोजत नाही. फ्रीज आडवा करून नेण्याची वेळ आलीच, तर पोचल्यावर काही तास उभा राहू द्यावा आणि मगच बटण दाबावं. आडवं झाल्यावर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरलेलं असतं, ते परत यायला वेळ लागतो.

जिना पुरत नसेल तर बाहेरून चढवणं ही फार जुनी वाट आहे. मुंबईच्या चाळींमध्ये कपाटं, पलंग गॅलरीतून दोरखंडानं वर ओढून घेतलेली जुन्या रहिवाशांनी पाहिली आहेत. ॲम्स्टरडॅममध्ये कालव्याकाठची जुनी घरं चिंचोळी आणि जिने उभे, म्हणून घर बांधतानाच वरच्या टोकाला बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा ठेवत. सामान कप्पीनं वर चढवायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. आजही ते आकडे वापरात आहेत. जिना अरुंद ठेवायचाच होता, तर त्या लोकांनी दुसरी वाट आधीच करून ठेवली. आपल्याकडे जिनाही अरुंद आणि खिडकीला पक्क्या जाळीचं ग्रिल. मग हायड्रा क्रेन बोलावा, ग्रिल कापा, वेल्डर शोधा.

वहिनी : मी भिंत फोडा म्हणत नाही आता. तुम्ही किल्लारीचं सांगितलंत ते पटलं मला. पण नवीन चौकट करताना मला विचारा, एवढंच म्हणते.

भावजी : विचारून काय वेगळं होईल? नियमात स्वयंपाकघराला किमान जागा ठरलेली आहे, पाच चौरस मीटर, रुंदी १.८ मीटर. त्यापेक्षा कमी मी कधी देत नाही.

वहिनी : पाच चौरस मीटर जागा दिलीत आणि आत यायला दार दिलंत अडीच फुटांचं, तर ती जागा भरायची कशानं? बाथरूमला अडीच, स्वयंपाकघराला अडीच, आणि जिथे वर्षातून चार पाहुणे येतात त्या खोलीला साडेतीन. यात हिशेब कुठला?

भावजी : तशी पद्धत पडली आहे.

वहिनी : पद्धत तुमच्यासारख्यांनीच पाडली. मोडायचीही तुम्हीच.

भावजी बराच वेळ विचार करत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मला मोलाचं वाटलं : सुताराला ऑर्डर देताना ते तीन फुटांची चौकट म्हणतात ती बाहेरून बाहेर. दोन्ही बाजूंचं लाकूड वजा केलं की मधली मोकळी जागा अडीच फुटांच्या थोडी वर उरते, आणि फळी उघडली की तीही कमी होते. कागदावर तीन फूट लिहिलेलं दार प्रत्यक्षात तीन फूट नसतंच. "यापुढे मी मोकळं माप लिहून घेईन," ते म्हणाले.

माझा कौल सांगतो. जुन्या घराच्या बाबतीत भावजी बरोबर आहेत. भिंत ही त्या घराचा जीव आहे. आधी फळी काढून बघा, खोकं काढून बघा, न वळवता सरकवून बघा, आणि तरीही जमलं नाही तर लहान फ्रीज घ्या. पण नव्या घराच्या बाबतीत वहिनींचं म्हणणं पूर्ण खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. १९२६ मध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगारवस्तीसाठी स्वयंपाकघर आखलं, ते रांधणाऱ्या बाईला किती पावलं टाकावी लागतात हे मोजून. खोली लहानच होती, १.९ बाय ३.४ मीटर, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट कामासाठी जागेवर होती. त्याला शंभर वर्षं होत आली. आपल्याकडे घराचा नकाशा आजही गाळ्यापासून सुरू होतो आणि स्वयंपाकघराचं दार उरलेल्या जागेत बसवलं जातं. सोप्यातल्या फ्रीजपर्यंत दिवसातून कितीतरी वेळा जाणारी बाई त्या निर्णयाची किंमत रोज मोजते, आणि तो निर्णय घेताना ती तिथे नसते. मला हे अन्यायाचं वाटतं.

नातेपुत्यात आणि आसपास ज्यांनी घर बांधायला काढलं आहे, त्यांना एवढीच विनंती. चौकटीची ऑर्डर सुताराला देण्याआधी स्वयंपाकघर ज्यांच्या हाती राहणार आहे त्यांना नकाशासमोर बसवा. दाराचं मोकळं माप तीन फूट धरा, जिन्याचं साडेतीन, लँडिंगवर डोक्यापर्यंत सात फूट मोकळी उंची ठेवा, आणि वरच्या मजल्यावर निदान एका खिडकीचं ग्रिल नटबोल्टनं उघडेल असं करून घ्या.